दुमडलेला कोपरा

दि. ११ फेब्रुवारी, रविवार सकाळ

ताई,

वर तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहायला घेतलं होतं. मग 'हिला कधीपासून रीतभात सुचायला लागली?' म्हणणारा तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि ते सगळं खोडलं. तेव्हा नुसताच नमस्कार घे. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? आई सांगते, तू पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकलंस आणि गिऱ्हाइकांना वेळ देता देता तुझ्या नाकी नऊ येतात. आई सगळं सांगते. तिकडचं इकडे, इकडचं तिकडे, वर थोडं पदरचंही घालते. तीन वर्षं आपण दोघी तिच्याच तोंडून एकमेकींना भेटतोय. फोन तू उचलत नाहीस, म्हटलं कागद तरी उचलशील.

घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाहीये. मिरवायला लिहिते आहे.

मला नवं काम मिळालंय. चष्म्याची भिंगं घासून देणारा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एका लांबट इमारतीचा दुसरा मजला. एका टोकाला कागद, दुसऱ्या टोकाला पाणी उडवत फिरणारी मशीनं, आणि सगळ्यांच्या बाह्यांवर पांढरी पूड. सगळा कारभार कागदांवर चालतो, आता तो कॉम्प्युटरवर न्यायचाय. माझं काम तुला माहीतच आहे. प्रत्येकाच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि विचारायचं, हातात काय येतं, त्याचं काय करता, मग कुणाला देता? उत्तरं चौकटी आणि बाणांनी कागदावर काढायची. त्या चित्रावरून प्रोग्रॅमर सिस्टिम बांधणार. लहानपणी मी दाराआडून सगळ्यांचं ऐकायची म्हणून तू मला चोमडी म्हणायचीस. आता त्याच चोमडेपणासाठी लोक मला टेबल-खुर्ची देतात आणि वर मॅडम म्हणतात!

इथे दोन माणसं मोठी गमतीची आहेत. एक भिंगकाका. दुकानांकडून डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात. त्या वाचून काका प्रत्येक ऑर्डर मोत्यासारख्या अक्षरात वेगळ्या कागदावर उतरवतात. गेली एकतीस वर्षं. दुसरे उस्ताद, ते तो कागद बघून भिंग घासतात. मी काकांना विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता?"

"उतरवतो."

"आणखी?"

"आणखी काय? उतरवतो आणि ट्रेमध्ये ठेवतो."

उस्तादांकडे गेले. ते म्हणाले, "कागद येतो, घासतो. झालं." आता यांच्या तोंडातून जास्तीचं काय काढणार, कप्पाळ! पण मी सोडते होय? तीन दिवसांत अख्ख्या कारखान्याचं चित्र तयार केलं. नऊ चौकटी, एक पान, एकही बाण दुसऱ्याला छेदत नाही. मालकीणबाई बघतच राहिल्या. नव्या पद्धतीत दुकानं ऑर्डर थेट मशीनला पाठवतील, मध्ये उतरवायला कुणी लागणार नाही. म्हणजे काकांची चौकट नव्या चित्रात नाही. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, ते आधीच घरी बसतील. वाईट वाटतं, पण नाइलाज आहे.

गुरुवारी एक गंमत झाली. दहाच्या सुमारास मी नमुन्यादाखल उस्तादांच्या ट्रेमधले चाळीस कागद झेरॉक्सला नेले. काय दशा केली होती कागदांची! कितीतरी कागदांचे वरचे कोपरे दुमडलेले, मशीनमध्ये अडकायला लागले. मी एकेक कोपरा नखाने सरळ केला, वर जाड वही ठेवून दाबला, आणि होते त्याच क्रमाने कागद परत ट्रेमध्ये ठेवले. हसू नकोस. माझं कपाट अजून तसंच आहे, पण लोकांचे कागद मी नीट ठेवते.

तेवीस तारखेला चित्रावर मालकीणबाईंची सही होईल. मग माझी मान ताठ!

तुझ्या बुटांच्या कारखान्यात मी माझं पहिलं चित्र काढलं होतं, त्याची इथे सारखी आठवण येते. ते काम मला तूच मिळवून दिलंस, हे मी विसरलेले नाही. पुढे जे झालं ते त्या सिस्टिममुळे झालं, आणि सगळं एका पानात कोंबायला लावणाऱ्या तुझ्या त्या साहेबांमुळे. मी तेव्हा नवखी होते. तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं आहे, त्यामुळे तो विषय आता नको.

गुडघ्याला जप. जमलं तर दोन ओळी लिही, नाहीतर आई आहेच.

तुझी,
धाकटी बहीण


दि. २५ फेब्रुवारी, रविवार दुपार

ताई,

जिंकलो! आधी हे वाच आणि मग पाणी पिऊन ये, कारण पत्र लांब आहे.

तुझं कार्ड पंधरा तारखेला मिळालं. ना नमस्कार, ना सही. तीन वर्षांनी माझ्या वाट्याला आलेलं तुझं पहिलं वाक्य, आणि तेही कामाचं: 'ते कोपरे कुणी दुमडले होते, ते विचारलंस का?'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. म्हटलं, एवढं मनापासून लिहिलं आणि हिला कोपरे दिसले. दुसऱ्यांदा वाचलं आणि पायांखालची जमीनच सरकली.

कारण त्या आठवड्यात कारखान्यात गोंधळ चालला होता. सोमवारपासून दुकानांतून चष्मे परत येत होते. एक बस चालवणाऱ्या बाई चष्मा लावून दुकानाबाहेर आल्या, तर पायरी त्यांना हातभर वर तरंगताना दिसली. बाई शहाण्या, बस जागची हलवली नाही. तडक दुकानात शिरल्या आणि दुकानदाराला धारेवर धरलं. बुधवारपर्यंत असे पाच चष्मे आले, पाचही गुरुवारच्या कागदांतले. मालकीणबाई सगळ्यांसमोर भिंगकाकांना म्हणाल्या, "काका, आता तुमच्या हातून चुका व्हायला लागल्या. कॉम्प्युटर हवाय तो यासाठीच." काका चष्मा काढून पुसत बसले. आणि मी काय केलं सांगू? मला आतून बरं वाटलं. माझं चित्र बरोबर ठरत होतं ना!

तर तुझं कार्ड पर्समध्ये घालून मी काकांच्या टेबलाशी गेले आणि तुझाच प्रश्न विचारला.

"कोपरे होय?" काका म्हणाले. "मीच दुमडतो. शंका आली की."

"कसली शंका?"

"कसलीही. हा डॉक्टर बघा, याचा प्लस मायनससारखा दिसतो. उभी रेघ मारतो न मारल्यासारखी. ज्या माणसाचा नंबर वर्षानुवर्षं प्लस, त्याचा एकदम मायनस कसा होईल? मग मी कोपरा दुमडतो. डॉक्टर मंडळी अकराच्या आत फोन घेत नाहीत, तोवर उस्ताद तो कागद बाजूला ठेवतात. अकराला मी त्यांच्याकडचे दुमडलेले कागद बघून फोन लावतो. विचारून झालं की कोपरा सरळ करतो."

"सरळ केला म्हणजे?"

"म्हणजे विचारून झालं. घासा."

ताई, चाळीस कागदांतल्या ज्या ज्या कागदावर त्या माणसाला शंका होती, तो प्रत्येक कागद मी नखाने सरळ करून, वर वजन ठेवून, 'विचारून झालं, घासा' असं सांगत उस्तादांसमोर ठेवला होता. त्यांनी घासले. पाच खरोखर चुकलेले होते. अकराला काका बघायला गेले तेव्हा दुमडलेला एकही कागद उरला नव्हता, आणि त्यांना वाटलं आपणच दुमडायला विसरलो.

"मग मी विचारलं तेव्हा हे सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढलाच.

"तुम्ही विचारलंत काम काय करता," काका म्हणाले. "कोपरा दुमडणं हे काय काम आहे का?"

मी उठले. आधी उस्तादांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला, मग उठून काकांकडे गेले आणि म्हणाले, "मी चार दिवस तुमच्याशी बोललो नाही, ते विसरा." मग मी मालकीणबाईंकडे गेले. पाच चष्मे माझ्यामुळे चुकले हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण चित्र बदलायचं म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी पडली. दुसऱ्या दिवशी बैठक ठेवली. काका, उस्ताद, प्रोग्रॅमर मुलगी आणि मी.

मालकीणबाईंनी माझंच चित्र माझ्यापुढे सरकवलं. "हे बघा, काका आणि उस्ताद यांच्यामधल्या बाणावर तुम्ही काय लिहिलंय? थांबण्याची वेळ, दीड तास. तुम्हीच म्हणालात ही वेळ वाचेल. आता म्हणता ती ठेवा. एक झेरॉक्सचा घोळ झाला म्हणून मी सगळी सिस्टिम उलटी फिरवू? काकांना उद्या एखाद्या कागदाची शंका आलीच नाही तर?"

प्रश्न रास्त होता. माझ्याकडे आकडे नव्हते, पुरावा नव्हता. होती ती फक्त एक गोष्ट, जी मी कधी कुणाला सांगितली नव्हती. तुलाही नाही. माझ्या तोंडून ती निघाली तेव्हा मलाच नवल वाटलं.

मी म्हणाले, "याआधी एका कारखान्यात मी अशीच एक चौकट उडवली होती. तिच्यावरही थांबण्याची वेळ असंच लिहिलं होतं." आणि मग सगळं सांगितलं. एक पाय आखूड असणाऱ्या माणसांसाठी बूट करणारा तो कारखाना. तिथल्या ऑर्डरखान्यातली बाई आणि तिच्या टेबलाचा तिसरा खण. मापात काही खटकलं की ती ऑर्डर त्या खणात ठेवायची, त्या माणसाला फोन करायची आणि विचारायची, जिना चढताना आधी कुठला पाय टाकता? त्या एका प्रश्नावर डाव्या-उजव्याची चूक सापडायची. नव्या सिस्टिममध्ये तो खण नव्हता. सातव्या आठवड्यात एका पोस्टमनच्या बुटांची उंच टाच चुकीच्या पायाला चढली. तो स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडला आणि मनगट मोडून बसला. ऑर्डरवर त्या बाईंचं नाव होतं, म्हणून ठपका त्यांच्यावर आला. चौदा वर्षांची नोकरी त्यांनी सोडली.

"त्या बाई कोण?" मालकीणबाईंनी विचारलं.

"माझी ताई."

"तुम्हाला तो खण माहीत होता?"

बघ, तोच प्रश्न. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. तू ओट्याशी उभी होतीस, हातात ओला पेला होता. तू विचारलंस, "माझा खण तुला माहीत नव्हता का गं?" आणि मी म्हणाले, "नाही, माहीत नव्हता." तू पेला पालथा घातलास आणि आत निघून गेलीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

ताई, माहीत होता.

तीन दिवस मी तुझ्या शेजारी स्टूल टाकून बसले होते. माझ्या कच्च्या चित्रात विसावी चौकट होती आणि तिच्यात माझ्या हाताने लिहिलं होतं, 'ताईचा खण'. साहेब म्हणाले, एका पानात बसवा. पहिलंच काम, मला त्यांची शाबासकी हवी होती. बाकीच्या चौकटींना मोठमोठी नावं होती, तुझ्या खणाला नव्हतं. मी तीच खोडली. पोस्टमन पडला तेव्हा बोलले असते तर सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं, म्हणून गप्प बसले. तुझ्या डोक्यावर फुटू दिलं. मला वाटतं, तुला उत्तर ठाऊक होतं. तुला ते माझ्या तोंडून हवं होतं, आणि तेवढंही मी दिलं नाही. मला माझी लाज वाटते, ताई. तीन वर्षं रोज वाटते आहे.

त्या खोलीत मी 'हो, माहीत होता' म्हणाले. मग मालकीणबाई म्हणाल्या, "हे तुमच्या ताईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी आम्हाला काय सांगताय?" असं म्हणून त्यांनी माझं ते देखणं एकपानी चित्र उचललं आणि प्रोग्रॅमर मुलीपुढे टाकलं. "काकांना शेजारी बसवून घ्या. शंका कुठे कुठे येते ते सगळं लिहा. दोन पानं होऊ देत, दहा होऊ देत. तेवीसला चाचणी घेऊ. मला पटलं तर सही, नाहीतर नाही."

पुढचा आठवडा कसा गेला विचारू नकोस! मी, काका आणि ती मुलगी चिकटूनच बसलो होतो. एकदा बांध फुटल्यावर काका थांबेचनात. कुठला डॉक्टर सात कसा काढतो, कुठल्या दुकानातला माणूस डावा-उजवा उलटा लिहितो, सगळं त्यांच्या डोक्यात. तेवीस प्रकारच्या शंका निघाल्या. मुलगी पेन्सिल चावत सगळं ऐकायची. तिसऱ्या दिवशी तिने पडद्यावर ऑर्डरचा कागद काढला, आणि ऑर्डर शंकेची असली तर त्याचा वरचा उजवा कोपरा चक्क दुमडलेला! तो कोपरा सरळ होईपर्यंत घासायचं मशीन सुरूच होत नाही. आणि सरळ करायची परवानगी फक्त ज्याने फोन करून विचारलंय त्याला. नवीन येणाऱ्यांना शंका घ्यायला काका शिकवणार. माझ्या चित्रात आता चौदा चौकटी आहेत आणि मधल्या मोठ्या चौकटीत ठळक लिहिलंय, 'शंका. विचारल्याशिवाय पुढे नाही.'

परवाच्या शुक्रवारी चाचणी झाली. त्या दिवशीच्या खऱ्या सत्तावन्न ऑर्डरी, सगळा कारखाना पडद्याभोवती गोळा. सात कोपरे दुमडले गेले. पाच सिस्टिमने दुमडले, दोन काकांनी स्वतः. काकांनी साती ठिकाणी फोन लावले. चौथ्या फोनवर पलीकडचा डॉक्टर म्हणाला, "अरे हो, प्लसच आहे तो!" आणि उस्तादांनी अशी काही आरोळी ठोकली की मशीनवरचे लोक धावत आले. सातांपैकी चार ऑर्डरी चुकलेल्या निघाल्या. चार माणसं, ताई! ज्यांना पायऱ्या तरंगताना दिसल्या असत्या. सत्तावन्नच्या सत्तावन्न ऑर्डरींची भिंगं बरोबर घासली गेली. टाळ्या वाजल्या. उस्तादांनी पांढऱ्या पुडीच्या हातांनी काकांना मिठी मारली, काकांच्या शर्टाच्या पाठीवर दोन पंजे उमटले. ते त्यांनी दिवसभर झटकले नाहीत.

मालकीणबाईंनी सही केली. सगळ्यांसमोर काकांना म्हणाल्या, "त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं. निवृत्तीचं आपण नंतर बघू. नवं पद काय देऊ, बोला." काका म्हणाले, "पद राहू दे, खुर्चीची उशी तेवढी बदलून द्या. एकतीस वर्षांत चपटी झाली." मी हसले आणि रडलेही, दोन्ही एकदम. असं मला कामावर कधी झालं नव्हतं.

मग मालकीणबाईंनी मला बोलावून विचारलं, कोपऱ्याचा प्रश्न तुम्हाला सुचला कसा? मी पर्समधून तुझं कार्ड काढून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. चित्राच्या शेवटच्या पानावर माहिती देणाऱ्यांची यादी असते. तिथे काका आणि उस्ताद यांच्यानंतर माझ्याकडून तुझं नाव लिहून घेतलं, पूर्ण नाव, आणि पुढे लिहायला लावलं, 'ऑर्डर तपासणीतील जाणकार'. त्यांच्या सहीच्या वरच.

या पाकिटात दोन कागद आहेत. एक, बुटांच्या कारखान्याचं माझं कच्चं चित्र, वीस चौकटींचं. इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी होतं, टाकायची हिंमत झाली नाही. दुसरा, तुझ्या त्या साहेबांना काल रजिस्टरने पाठवलेल्या पत्राची प्रत. त्यात लिहिलंय की पोस्टमनच्या बुटांची चूक ऑर्डरखान्याची नव्हती, मी समजून-उमजून गाळलेल्या चौकटीची होती. खाली नाव, तारीख, सही. पोस्टमनच्या घरी मी मंगळवारी स्वतः जाणार आहे. यातून तुझी चौदा वर्षं परत येणार नाहीत, हे मला कळतं. पण तो ठपका तुझ्या नावावर आणखी एक दिवसही राहायला नको.

एवढंच राहिलं. या पत्राच्या पहिल्या पानाचा वरचा उजवा कोपरा बघ. पोस्टात चुरगळलेला नाही तो, मी दुमडलाय. पुढच्या रविवारी मला तुझ्याकडे यायचंय. पण विचारून झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं, हे मी आता शिकले आहे. म्हणून विचारते, येऊ का? उत्तर लिहायचं नसलं तर लिहू नकोस. नुसता कोपरा सरळ कर आणि ते पान परत पाठव.

सगळं माहीत असून गप्प बसलेली,
तुझी चोमडी